फक्त ढवळलं

लिओनिलाला त्या दुपारी मिळणार होतं ते असं: तीन खोल्यांचं घर, मागची बावीस नारळाची झाडं आणि रस्त्याला लागून असलेला ओटा. तिथे ती केस कापायचं दुकान टाकणार होती. आरसे म्हणे मनिलात पसंतही करून झाले होते. घालवायला तिच्याकडे अंगावरच्या नव्या झग्याखेरीज काही नव्हतं.

ती माझी मोठी जाऊ. सासू जाऊन वर्ष झालेलं, काळे कपडे उतरवायचा दिवस. जेवणं झाली की तिमोतेओकाका, म्हणजे सासऱ्यांचे धाकटे भाऊ, घर कोणाकडे राहणार ते सांगणार होते. त्या घरात अकरा वर्षं मी काढली. सासूचं अंथरूण मी बदललं. लिओनिला नाताळला यायची, सासूच्या गालाला गाल लावायची आणि खोलीला वास येतो म्हणायची.

जेवणाला लाईंग होतं. अळूची पानं मी चार दिवस वाळवून हातानं चुरली होती. तळाला डुकराचं मांस, आलं, लसूण, आंबवलेला जवळा, मिरच्या, त्यावर नारळाचं दूध आणि सगळ्यात वर पानं. मग पातेल्याला हात लावायचा नाही. दूध पानांत पुरतं मुरायच्या आत पळी फिरली, तर अळू असं खाजतं की माणूस दोन दिवस घसा खरवडत बसतो. आमच्या बिकोलात हे शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं. लिओनिलाही इथलीच, नदीपलीकडच्या गावची. पण मनिलात वीस वर्षं राहून ती अळूलाही ओळखेनाशी झाली होती.

जपमाळ सांगणाऱ्या बाईंना आणायला मी गेले. परत येते तर लिओनिला चुलीपाशी. माझ्या पळीनं पातेलं घाटते आहे आणि माझे थोरले दीर, रुस्तिको, मोबाइलवर तिचा फोटो काढताहेत.

वहिनी, निदान तासभर अजून शिजू द्या, मी म्हटलं. ती म्हणाली, पाहुणे बसलेत, आता काय तास घेऊन बसलीस. माझा नवरा देल्फिन आईच्या आजारपणात दारात उभा राहून नुसता बघायचा, तसाच उभा होता. तो म्हणाला, "जाऊ दे ना साल्व. आजचा दिवस वहिनीचं ऐक."

त्याच क्षणी मी ते पातेलं अंगणात उपडं करायला हवं होतं. केलं नाही. याचा राग मला त्या दोघांपेक्षा स्वतःचाच जास्त येतो.

वाढलंही तिनंच. कोणी केलं असं कुणी विचारलं की मान खाली घालून म्हणायची, केलं आपलं आईंसाठी, जमलं तसं.

पहिला ठसका काकांना लागला. मग सगळी पंगत खाकरू लागली. जपमाळवाल्या बाईंनी प्रार्थना सुरू केली ती तिसऱ्या शब्दाला अडकली. सासूच्या आत्म्याला शांती मागायला तीस माणसं जमली होती, आणि त्यातल्या एकाच्याही घशातून धड शब्द निघेना.

लिओनिलानं लगेच बाजू बदलली. "स्वयंपाक साल्वचा आहे हं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मी फक्त ढवळलं."

ओसरीच्या कोपऱ्यातल्या एका म्हातारीनं पाण्याचा पेला खाली ठेवला. "हो ना. बिचारीनं फक्त ढवळलं."

खोकत खोकत लोक हसले, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. लिओनिलाला कशाला हसतात तेच कळेना. दिरांनी कानात सांगितलं, तेव्हा ती लालबुंद होऊन मागच्या झाडांत जाऊन रडत बसली.

मला वाटलं, घर आमच्याकडे राहिलं.

काकांनी मला एकटीला आत बोलावलं. आवाज फाटलेला. "पोरी, चारचौघांत तिची लाज गेली. वर घरही नाही दिलं तर रुस्तिको पुन्हा या गावात पाऊल टाकायचा नाही. तू खंबीर आहेस."

"खंबीर आहे म्हणून मी बाहेर?"

ते खोकले. जरा जास्तच वेळ खोकले. मग म्हणाले, देल्फिनला विचारलंय, तो हो म्हणाला.

तेव्हा झालं ते असं. पाहुण्यांनी दोन दिवसांपुरता घसा दिला, डुकरानं जीव दिला. लिओनिलानं एक दुपार हसू सोसलं आणि त्या हसण्याच्या बदल्यात किल्ली घेतली. देल्फिननं नेहमीसारखंच काही दिलं नाही. बाकी सगळं मी दिलं.