मागच्या कोपऱ्यातले भाडेकरू

माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर असतो, हे अख्ख्या शाळेला ठाऊक आहे. 'अधिवास म्हणजे काय' असं विचारल्यावर सातवीच्या वर्गाने पुस्तकातली व्याख्या एका सुरात म्हणून दाखवली, तेव्हा तो शेंडा सोडून थेट डोक्यात गेला. असली पोपटपंची मला सोसवत नाही. मी पुस्तक मिटलं आणि सगळ्या वर्गाला शाळेच्या मागच्या कोपऱ्यात नेलं.

कोपरा कसला, पाण्याची टाकी आणि सायकल स्टँड यांच्यामध्ये उरलेली मोकळी जमीन. थोडं गवत, एक मोडका बाक आणि सकाळचं ऊन खात उभी असलेली भिंत. इथे कोणी राहायला यावं असं वाटत असेल तर त्याला काय काय लागेल, असं मी विचारलं. खायला, प्यायला, लपायला आणि पिल्लं वाढवायला जागा, एवढं मुलांनी स्वतःच्या डोक्याने सांगितलं. मग काय, आम्ही कामालाच लागलो. रानफुलं उपटायची नाहीत असं ठरलं. मातीच्या थाळीत पाणी भरून चिमुकल्या किड्यांना बुडायची भीती नको म्हणून त्यात खडे टाकले. बाकाखालचा पाचोळा तसाच राहू दिला. आणि बांबूच्या बारीक नळ्यांची एक जुडी करून भिंतीला घट्ट बांधली. पोळं न बांधता पोकळ काडीत एकटीने संसार थाटणाऱ्या मधमाश्या असतात, हे मुलांना खरंच वाटेना. त्या सहसा डंख मारत नाहीत, हे ऐकल्यावर मात्र मागे उभी असलेली सगळी पुढे सरकली.

एवढ्यात मोठ्या बाईंच्या, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांच्या, मनात भलतंच आलं. त्यांना त्या कोपऱ्यात फरशी घालून शिक्षकांच्या स्कूटर लावायच्या होत्या. मी भांडले. शिक्षकांच्या खोलीतल्या एकानेही माझी बाजू घेतली नाही, कारण दुपारी टाकीच्या सावलीतली स्कूटर कोणाला नको असते? शेवटी मोठ्या बाईंनी एक अट घातली. शनिवारी फरशीवाला येईल, त्याआधी तिथे राहायला आलेलं कोणीतरी त्यांना दाखवायचं. येऊन-जाऊन असलेलं चालणार नाही, बिऱ्हाड करून राहिलेलं हवं. मुंगी चालेल का, असं मुलांनी विचारून घेतलं. मुंग्या माझ्या कपाटातही राहतात, असं उत्तर आलं.

त्या आठवड्यात माझा वर्ग मधल्या सुट्टीत डबा विसरायला लागला. मुलं गवतात पालथी पडून असायची. कोणी पाचोळ्यात कान लावायचं, कोणी थाळीपाशी श्वास रोखून बसायचं. फुलपाखरं यायची आणि जायची. बिऱ्हाड काही दिसेना.

आणि गुरुवारी मोठ्या बाई हातात गुलाबाचं पान घेऊन वर्गात आल्या. त्यांच्या खोलीबाहेरच्या कुंडीतला गुलाब त्यांचा जीव की प्राण. त्याला पाणी घालायला त्या शिपाईमामांनासुद्धा हात लावू देत नाहीत. त्या पानाच्या कडेतून गोल तुकडे कापून नेलेले होते, अगदी सफाईने. कोपऱ्यासाठी पाट्या करायच्या म्हणून आमच्या वर्गात आठवडाभर कात्र्या चालल्या होत्या, तेव्हा संशय आमच्याशिवाय कोणावर येणार? ही कला कोणाची, असं त्यांनी विचारलं. कोणी उठलं नाही. पान माझ्या टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "ज्यांना एका झाडाची कदर नाही, त्यांना कोपरा कशाला हवा? फरशीवाल्याला मी उद्याच बोलावते."

एवढं बोलून त्या तडक निघून गेल्या.

तेवढ्यात आमचा मॉनिटर घाईघाईने पुढे आला. स्वच्छतेची ढाल दर वर्षी आमच्या वर्गाला मिळते ती या पोराच्या जिवावर. कागदाचा कपटा दिसला तरी त्याला झोप यायची नाही. त्याची तक्रार अशी, की शेजारच्या वर्गाने खोडी काढून आपल्या नळ्यांमध्ये पाल्याचा कचरा कोंबलाय. मधल्या सुट्टीत तारेने त्याने तीन नळ्या साफ केल्या होत्या आणि पुरावा म्हणून कचरा कागदावर घेऊन आला होता. कागदावर हिरव्या पानांच्या लहान लहान सुरळ्या होत्या.

वर्गातली एक मुलगी वाकून बघायला लागली. तिला आम्ही शंकासूर म्हणतो, कारण ती प्रश्न विचारल्याशिवाय शाळेचा जिनाही चढत नाही. तिने एक सुरळी नखाने अलगद उलगडली. आत पानांचे तुकडे एकावर एक गुंडाळलेले, आणि त्यांच्या आत पिवळा ओलसर गोळा. गोळ्यावर साखरेच्या दाण्याहून थोडं लांबट, पांढरं काहीतरी होतं.

"बाई," ती म्हणाली, "कचऱ्याला घडी कोण घालतं?"

तो पिवळा गोळा परागाचा होता, आणि पांढरं होतं ते अंडं. आम्ही सगळा कोपरा पालथा घातला होता आणि भाडेकरू केव्हाच आपल्या नळीत राहायला आले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी ओरडूनच सांगितलं, आणि वर्ग बाकांवर चढला. एरवी मी छडी आपटली असती. त्या दिवशी मीच टेबलावर चढायची बाकी होते.

मॉनिटर तेवढा हलला नाही. आपण काय साफ केलं ते त्याला कळलं होतं.

शंकासूरचं लक्ष मात्र टेबलाकडे होतं. तिने सुरळीतला गोल तुकडा उचलला, मोठ्या बाईंनी ठेवलेल्या पानावर सरकवला, आणि तो पानाच्या खाचेत जाऊन बसला. तंतोतंत नाही, पण आकार तोच, कड तशीच सुबक. चोर सापडले होते, आणि चोर आमचेच होते.

आता इकडे आड, तिकडे विहीर. भाडेकरू दाखवावेत तर गुलाबाची चोरी उघडी पडते, न दाखवावेत तर उद्या त्यांच्या घरावर सिमेंट. भाडेकरू तेवढे दाखवू, पानांचं गुपचूप ठेवू, असं काहींचं मत पडलं. मग त्यांनी पानं कुठून आणली असं बाईंनी विचारलं तर, असा शंकासूरने सवाल टाकला. दोन्ही दाखवायचं ठरलं. सुट्टी झाल्यावर मॉनिटरने सुरळ्या एकेक करून परत नळ्यांत सरकवल्या. यातली पिल्लं जगतील का, असं त्याने मला विचारलं. मला माहीत नव्हतं, आणि तसंच मी त्याला सांगितलं.

सकाळी फरशीवाला टेप घेऊन हजर. मोठ्या बाईही आल्या. भिंतीवर अजून ऊन आलं नव्हतं आणि नळ्यांपाशी कोणी फिरकत नव्हतं. मी अंड्यांचं सांगत होते, त्या घड्याळ बघत होत्या. फरशीवाल्याने टेपचं टोक बाकाला अडकवलं.

मग ऊन भिंतीवर चढलं. कानाशी बारीक गुणगुण झाली आणि एक करडी मधमाशी पोटाखाली हिरवा तुकडा धरून आली, बाजारातून सतरंजी घेऊन यावी तशी. ती नळीत शिरली. मुलांनी तोंडावर हात दाबून धरले होते. ती बाहेर पडली आणि तडक मोठ्या बाईंच्या खोलीच्या दिशेने गेली.

मोठ्या बाईंनी ती दिशा बघितली आणि त्या निघाल्या. व्हरांड्यात धावणाऱ्याला उभं करणाऱ्या आमच्या मोठ्या बाई पदर खोचून धावत होत्या, आणि मागून अख्खी सातवी. कुंडीपाशी आम्ही पोचलो तेव्हा माशी पानाच्या कडेवर बसून स्वतःभोवती फिरत होती. आम्ही नीट उभे राहीपर्यंत गोल तुकडा सुटला, आणि तो घेऊन ती आमच्या डोक्यांवरून परत गेली. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मॉनिटर पुढे झाला. "बाई, तुमची पानं आमच्या भाडेकरूंनी कापली," तो म्हणाला, "आणि त्यांची तीन घरं मी मोडली."

मोठ्या बाईंनी कापलेलं पान बोटांत धरून नीट बघितलं. याने झाड मरतं का, असं त्यांनी मला विचारलं. मरत नाही, चार पानं विद्रूप होतात इतकंच, असं मी सांगितलं. त्यांनी फरशीवाल्याला हात हलवून परत पाठवलं. स्कूटर आहेत तिथेच उन्हात राहू देत, म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला. मुलं नाचायला लागली, आणि त्यांना गप्प करायचं माझ्याही मनात आलं नाही.

"कात्रीचं मी बोलले ते चुकलं," मोठ्या बाई मुलांना म्हणाल्या. मग कोपऱ्याकडे बघून म्हणाल्या, "एवढ्या लांबून तिने ओझं वाहायचं म्हणजे काय? ही कुंडी त्या भिंतीपाशी न्यायला हवी."

शिपाईमामांना हाक मारायच्या आतच मॉनिटरने कुंडीची एक कड धरली. दुसरी मोठ्या बाईंनी धरली.