विहिणीचा मुक्काम

गावातल्या कुठल्या सुनेचे दिवस कधी भरणार, हे तिच्या सासूआधी उज्वलाबाईंना ठाऊक असायचं. अंगणवाडीताईच त्या. देवणी तालुक्यातलं गाव लहान, पण पाळणे काही थांबत नव्हते. बाईंचा स्वभावही पुढचं पाहणारा. पावसाळ्याचं सरपण चैत्रातच रचून ठेवतील. लेकीचं लग्न उरकल्यावर त्यांनी मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं, तेव्हाच पदवीनंतरचाही बेत आखून ठेवला होता. तिसरं वर्ष संपलं की पर्यवेक्षिकेच्या भरतीला बसायचं. वयाच्या अटीत हे जेमतेम बसत होतं. एक वर्ष हुकलं की ते दार कायमचं बंद.

तिसऱ्या वर्षाची पुस्तकं घरात आली आणि मागोमाग नांदेडहून लेकीचा, साक्षीचा फोन आला. गोड बातमी होती. उज्वलाबाईंनी हरखून, सवयीनं बोटांवर महिने मोजले, तर बोट नेमकं परीक्षेच्या महिन्यावर येऊन थांबलं.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. लेकीला शेक-शेगडी करायची, बाळाला न्हाऊमाखू घालायचं, की लातूरच्या केंद्रावर जाऊन पेपर लिहायचे? त्यांचे यजमान श्रीमंतराव सरळ माणूस. परीक्षा काय, पुढच्या साली बी येती, असं म्हणून ते गोठ्याकडे निघून गेले. पुढच्या साली वय निघून जातं हे त्यांच्या ध्यानात नव्हतं, आणि बाईंनी आणूनही दिलं नाही. पुस्तकं कपाटात गेली. फार वाईट वाटलं त्यांना, पण बोलणार कुणाजवळ?

डोहाळजेवणाला त्या नांदेडला गेल्या. तिथून लेकीला माहेरी आणायचं होतं. साक्षीच्या सासूबाई गौरम्मा मूळच्या कर्नाटकच्या हद्दीलगतच्या, निलंग्याकडच्या, आणि रिवाजात तोळाभर सूट न देणाऱ्या. लग्नात मानाच्या साडीचा काठ बारीक निघाला, तर या बाईंनी ती घडी घालून परत दिली होती. तेव्हापासून उज्वलाबाई त्यांच्यापुढे जपून बोलायच्या. परीक्षेला यंदा बसत नाही, हे त्यांनी फक्त लेकीच्या कानात सांगितलं. पण त्या पोरीच्या पोटात बाळ तेवढं राहत होतं, गोष्ट राहत नव्हती. तिनं डोळे पुसत सगळं सासूला सांगून टाकलं, अगदी वयाच्या अटीसकट.

गौरम्मा ओटीचं ताट हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. आता काय ऐकावं लागतं म्हणून उज्वलाबाईंनी मान खाली घातली.

"बाळंतपण माहेरीच व्हईल. रिवाज म्हंजे रिवाज," गौरम्मा म्हणाल्या. "पर मी बी संगं येते. लेकीचं मी बघते, तुमी पेपर लिवा."

एवढं बोलून त्यांनी मुलाला माळ्यावरची बॅग काढायला सांगितली. विहिणीनं विहिणीकडे महिनोन्‌महिने मुक्काम ठोकायचा, असं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. लोक काय म्हणतील, असं उज्वलाबाई चाचरत म्हणाल्या. म्हणू द्या, मला कानडीत बी भांडता येतं, असं गौरम्मांनी ठणकावलं.

गावातल्या बायका हा नवलाचा पाहुणा बघायला काही ना काही निमित्त काढून यायच्या. गौरम्मा उंबऱ्यात खोबरं किसत बसलेल्या असत. हळू बोला, आमच्या विहीणबाई आत अभ्यास करायल्यात, असं प्रत्येकीला बजावत. उज्वलाबाई चुलीकडे वळल्या की त्यांना दटावून पुस्तकाकडे पाठवलं जाई. श्रीमंतराव स्वतःचा चहा स्वतः करायला शिकले, तेही त्याच धाकानं.

शेवटच्या पेपरच्या सकाळी साक्षीची कंबर दुखायला लागली. इतक्या बायांची बाळंतपणं पाहिलेल्या उज्वलाबाईंना एका नजरेत कळलं. त्यांनी खांद्यावरची पिशवी काढून खाली ठेवली.

गौरम्मांनी ती उचलून परत त्यांच्या हातात दिली. "गावभर पोरी संभाळल्या तुमी. आज तुमची पोरगी माझ्यावर सोडा. जावा, एसटी सुटंल."

उज्वलाबाई गेल्या. पहिला प्रश्न त्यांना दोनदा वाचावा लागला. दुसऱ्यापासून पेन थांबला नाही. आता कमी लिहिणं म्हणजे विहिणीचा अपमान, असं त्यांना वाटत होतं.

परतताना त्या थेट दवाखान्यात शिरल्या. मुलगी झाली होती. साक्षी दमून झोपली होती आणि शेजारी गौरम्मा दुपट्यात गुंडाळलेली नात घेऊन बसल्या होत्या. उज्वलाबाईंनी हात पुढे केले, तशी गौरम्मांनी नात मागे घेतली.

"आदी सांगा. पेपर कसा गेला?"

"चांगला गेला. एकबी प्रश्न सोडला न्हाई."

"मग घ्या," गौरम्मा म्हणाल्या, आणि शेजारच्या खाटांनाही ऐकू जाईल अशा आवाजात पुढं म्हणाल्या, "आमच्या नातीची आजी बी.ए. हाय."

निकाल अजून लागायचा होता. तसं सांगणं उज्वलाबाईंच्या ओठांवर आलं होतं. पण त्यांनी नातीला छातीशी धरलं आणि विहीण म्हणाली ते तसंच राहू दिलं.