चांदमारीवरचा पुतळा

चीनची लढाई थांबून दोन-तीन महिने झाले आणि मग कुलाबा जिल्ह्यात जो तो बंदूक शिकायला निघाला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच! शनिवार-रविवारचे वर्ग निघाले. चौलच्या खालच्या अंगाला, सुरूच्या बनापलीकडे, किनाऱ्यावर गोळ्या अडवायला वाळूचा उंच बांध घातला आणि त्याला चांदमारी असं नाव मिळालं. ज्यांनी जन्मात कैरीवर दगड भिरकावण्यापलीकडे कशावर नेम धरला नव्हता, ती माणसं बायकापोरांसकट भाकऱ्या बांधून तिथं हजर झाली. जत्राच म्हणा ना.

येसाजी मात्र जत्रेला आल्यासारखा आला नव्हता. त्याच्याबरोबर बायको ठमाबाई होती, सून मैना होती आणि चुलतभाऊ कोंडाजी होता. नव्हता तो मुलगा, रतन. रतन पलटणीत होता, चीनच्या सरहद्दीवर नेफाच्या डोंगरात लढायला गेला होता, आणि दिवाळीनंतर त्याच्या नावाची तार आली होती. तारेत एवढंच होतं की तो बेपत्ता आहे. मेला म्हणावं तर देह नाही, जिवंत म्हणावं तर पत्र नाही. बापानं करायचं तरी काय?

काय करायचं ते भाऊबंदांना ठाऊक होतं. समुद्राकाठच्या गावाला ते शिकवावं लागत नाही. गलबत बुडालं आणि खलाशी हाती लागला नाही, की थोडे दिवस वाट पाहायची आणि मग पुतळा घालायचा. पळसाच्या पानांचं अंग, दर्भाचे हातपाय, डोक्याच्या जागी सोललेला नारळ. त्या पुतळ्याला माणसासारखा अग्नी द्यायचा, म्हणजे गेलेल्याचा जीव मोकळा होतो. आणि त्याच दिवशी बायकोनं मंगळसूत्र उतरवायचं.

"येसाजी, पुतळा घाल बाबा. पोर घुटमळतंय," असं ज्यानं त्यानं सांगून झालं होतं.

"माझ्या सुनंच्या कपाळाला हात लावायचा न्हाय," येसाजीचं उत्तर ठरलेलं. पुढं बोलायची कुणाची छाती नव्हती. ठमाबाई तर काहीच बोलत नव्हती. बरं नाही, वाईट नाही. ती आपली चुलीपुढं बसे आणि दोन वेळचं रांधून वाढी.

बंदुकीचा हट्ट मैनाचा. "मामंजी, मला शिकायचं हाय. ते आले की सांगीन त्यांना, मी बी बंदूक धरली म्हणून." असं म्हटल्यावर येसाजी नाही कसा म्हणणार? तिचं हे 'ते आले की' ऐकायला मिळावं म्हणून तो काय वाटेल ते करायला तयार होता.

शिकवायला तुळशीराम नावाचे उस्ताद होते, निवृत्त जमादार, घाटावरचे. माणूस गरजणारा पण मनाचा चांगला. शनिवारी त्यांनी सगळ्यांना वाळूवर पालथं पाडलं, बंदुकीचा दस्ता खांद्यात कसा रुतवायचा, श्वास कुठं धरायचा, चाप कसा हळू दाबायचा ते सांगितलं. येसाजीच्या सगळ्या गोळ्या कागदाच्या उजव्या बाजूनं निघून बांधात शिरल्या. एकसुद्धा कागदाला शिवली नाही. "बाबा, शत्रू तिकडं नाही, इकडं हाय!" उस्ताद ओरडले आणि मैनासुद्धा तोंडाला पदर लावून हसली.

संध्याकाळी वारा सुटला आणि नेमाचे कागद फाटून उडून गेले. नवे अलिबागहून यायचे तर सोमवार उजाडणार. उस्तादांनी कोंडाजीला हाक मारली. "तुमचे हात गुणी दिसतात. गवताचा एक माणूस करून आणा उद्या सकाळी. माणसाएवढा पाहिजे."

"आणतो की," कोंडाजी म्हणाला.

आता हे कोंडाजीलाच सांगावं, दुसऱ्याला नाही, यालाच दैव म्हणायचं! अहो, गावात पुतळे बांधायचं काम त्याचंच. कितीतरी बुडालेल्या माणसांची अंगं त्यानं या हातांनी बांधली होती. गवताचा माणूस म्हटल्यावर त्याचे हात दुसरं काही जाणतच नव्हते. गप्पा मारत, विडी ओढत त्यानं पळसाची पानं एकावर एक बांधली, गवताचे हातपाय केले, आणि डोकं हवं म्हणून परसातला नारळ सोलून वर बसवला. यात काही वावगं होतंय हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

रविवारी सकाळी उस्तादांनी तो पुतळा बांधापुढं खांबाला बांधला. माणसं रांगेत बसली, आणि बघता बघता बोलणं थांबलं. कुणी कुणाकडं बघेना. कोंडाजीनं लांबून आपलंच काम पाहिलं तेव्हा कुठं त्याला उमगलं, आणि तो येसाजीजवळ सरकला. "दादा, आईच्यान सांगतो, मी मुद्दाम न्हाय रं केलं," तो पुटपुटला. येसाजीनं ऐकलं की नाही कोण जाणे. तो मैनाकडं पाहत होता. मैना पुतळ्याकडं पाहत होती.

"चला, कोण पहिला?" उस्ताद म्हणाले. कुणी उठेना. "अरे, काय झालं? गवताला भ्यालात तर माणसासमोर काय कराल?" घाटावर माणूस गेला तर हाती तरी लागतो. त्यांना बिचाऱ्यांना कसं कळावं? "या बाबा, तुम्ही या. कालचं उट्टं काढा."

येसाजीच्या मनात आलं, नाही म्हणालो तर का म्हणून विचारतील, आणि मग ते सगळं चारचौघांत, मैनाच्या देखत, तोंडानं बोलावं लागेल. त्यापेक्षा एक गोळी वाळूत घालवावी आणि मोकळं व्हावं. तो पालथा झाला. पुतळ्याला लागू नये म्हणून त्यानं नेम चांगला डावीकडं सरकवला, बांधाच्या कोऱ्या वाळूवर धरला, डोळे मिटले आणि चाप ओढला.

कालच्या सगळ्या गोळ्या उजवीकडं गेल्या होत्या. हीही गेली.

नारळ फुटला. पाणी उडालं, करवंटीचे तुकडे वाळूत पडले आणि बिनडोक्याचं अंग खांबावर लोंबत राहिलं. "वा रे बहाद्दर!" उस्ताद ओरडले, आणि त्यांच्या आवाजावर दुसरा आवाज चढला. ठमाबाईनं हंबरडा फोडला होता. "रतना रे! माझ्या सोन्या रे!" इतके महिने घशात धरलेलं रडं ते. थांबणार कसलं!

मग तिची तीच उठली, कुणाचा हात न धरता समुद्राकडं चालू लागली आणि लुगड्यासकट पाण्यात शिरली. मर्तिकानंतरची आंघोळ. तिच्यामागं बायका गेल्या. कोंडाजी गेला. भाऊबंद बंदुका खाली ठेवून एकामागून एक निघाले. भट नाही, मंत्र नाही, अग्नी नाही. तरी आईनं पाण्यात पाय घातल्यावर मागं कोण राहणार? उस्ताद तोंडातली शिट्टी न फुंकता नुसते बघत उभे राहिले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

वाळूवर येसाजी आणि मैना दोघंच उरली.

"पोरी, मी डावीकडं धरली होती गं," येसाजी म्हणाला. "तुझी शपथ."

"मला ठावं हाय."

"मी न्हाय जायाचा पाण्यात. तू हाईस तवर मी न्हाय जायाचा."

मैना त्याच्याजवळ येऊन बसली. ती रडत नव्हती. "मामंजी, माझ्यापायी तुमी रडला न्हाई," ती म्हणाली. "मी 'ते येतील' म्हणायची आन् तुमी 'व्हय' म्हणायचा. तुमच्या मनातून ते कवाच गेले. मला दिसायचं रोज. जावा तुमी. आत्याबाई एकट्या हाईत तिकडं."

"आन् तू?"

"मी न्हाय येत."

येसाजीनं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि तो रडला. मुलगा म्हणजे काय ते बापालाच कळतं. इतके दिवस त्यानं सुनेच्या कुंकवाआड आपलंच दुःख लपवलं होतं, आणि ते तिनंच त्याला काढून दाखवलं. मैनानं त्याला हाताला धरून उठवलं, ओल्या वाळूपर्यंत आणून सोडलं आणि ती तिथंच थांबली. लाट आली तशी ती एक पाऊल मागं सरली.

येसाजी कमरेइतक्या पाण्यात गेला, ठमाबाईच्या शेजारी उभा राहिला आणि भाऊबंदांकडं वळला.

"ऐका रं सगळी," तो म्हणाला. "माझा पोरगा गेला. मीच त्याला पोचवला. पण मैनाचा नवरा गेलेला न्हाय. ही सांगंल तवर तो जिता हाय, आन् हिच्या कपाळाकडं कुणी बघायचं न्हाय. हाय कबूल?"

"व्हय दादा," कोंडाजी म्हणाला. मग बाकीचेही म्हणाले.

येसाजीनं नाक धरलं आणि बुडी मारली.