वजनाची उभी पट्टी

‘लक्ष्मी कुशाबा हिला गुंडाळण्यास दिलेल्या साडेतीनशे औंस सुतापैकी दीडशे औंस गहाळ आहे. आकडेमोड दोनदा तपासली आहे.’ परळच्या त्या गिरणीने १९५८ साली फलकावर लावलेल्या या दोन वाक्यांपैकी दुसरे अक्षरशः खरे होते, आणि तेच अधिक लज्जास्पद होते.

चौकशीत दोष ठरला तर लक्ष्मीची वीस वर्षांची नोकरी जाणार होती. सोबत एक माणूस आणायची मुभा होती. तिने भावाची मुलगी शांता आणली. शांता कॉलेजात गणित शिकत होती आणि त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चातून थेट आली होती, त्यामुळे तिचा आवाज बसलेला होता. रागावल्यावर ती फार सभ्य होत असे.

“राजारामभाऊ, तक्ता दाखवता का?”

कारकून राजारामने तक्ता पुढे केला. तीन ओळी, तीन बायकांच्या: कमळाबाई, सुंदराबाई, लक्ष्मी. तीन रकाने, सुताच्या तीन नंबरांचे: दहा म्हणजे जाड, वीस मधले, तीस बारीक. घरांत बॉबिनींची संख्या. बॉबिनी कधीच मागावर गेल्या होत्या, म्हणून वजन कागदावरच काढायचे. त्यासाठी पुठ्ठ्याची एक पट्टी होती. जाड सुताच्या बॉबिनीला चार औंस, मधल्याला तीन, बारीकला दोन.

“ही कशी ठेवलीत?”

राजारामने पट्टी तक्त्याच्या कडेला उभी लावली. कमळाबाईसमोर चार आले, सुंदराबाईसमोर तीन, लक्ष्मीसमोर दोन.

शांताला सगळे कळले. लक्ष्मीच्या शंभर बॉबिनींत साठ जाड होत्या. सगळ्या बारीक धरल्यामुळे भरल्या दोनशे औंस. सुंदराबाईचा आकडा योगायोगाने बरोबर आला होता. आणि कमळाबाई?

“कमळाबाईंना सूत दिलं दोनशे सत्तर औंस. परत आलं चारशे,” शांता सूतवाटपाची नोंद पाहत म्हणाली.

दारात उभ्या कमळाबाईने डोक्यावरचा पदर सावरला. “माका? जास्तीचा सूत माका खंयसून गावला? घरी काततंय की काय मी?”

लक्ष्मीला हसू आवरेना. “मला सांगायचंस ना गं. एकशेतीस औंस तुझ्याकडूनच उसनं आणलं असतं.”

“आकडेमोड बरोबर आहे,” राजाराम म्हणाला. “पट्टी नीट बसते.”

“बसते खरी. मग मागच्या आठवड्याच्या तक्त्यावरही बसवा. तो तुम्ही नाही, दुसरे कारकून धोंडूभाऊ यांनी केला होता ना?”

त्या आठवड्यात बकुळाही कामावर होती, ओळी चार. राजारामने पट्टी उभी लावली. चार, तीन, दोन. चौथ्या ओळीसमोर लाकडी टेबल.

“आता बकुळाला कुठलं वजन देता?” शांताने विचारले. “की तिच्या बॉबिनी वाऱ्याच्या?”

राजारामने पट्टी उचलली, फिरवली, तक्त्याच्या माथ्यावर रकान्यांवर आडवी ठेवली. प्रत्येक वजन आपापल्या नंबरावर बसले. मग न सांगताच त्याने चालू तक्त्यावरही ती तशीच आडवी ठेवली आणि पेन्सिलीने बेरीज केली. लक्ष्मी, साडेतीनशे.

चौकशी घेणाऱ्या साहेबांनी ‘क्षुल्लक चूक’ म्हणून कागद मिटायला घेतला. शांताने अतिशय सभ्यपणे विनंती केली की आरोप फलकावर लागला, तर कबुलीही तिथेच लागावी, आणि ती कोणी सांगून लिहून घेऊ नये. संध्याकाळच्या पाळीने ती रांग लावून वाचली. कमळाबाईने दोनदा वाचून घेतली. राजारामच्या अक्षरात होते:

‘आडवी ठेवायची पट्टी मी उभी ठेवली. बायका तीन, नंबरही तीन, म्हणून ती तिथेही बसली. कमळाबाईंचे सूत वाढलेले मला दिसले होते. ते मी पुन्हा तपासले नाही. लक्ष्मीबाईंचे घटलेले तेवढे दोनदा तपासले.’