सिनेमात गोळी लागलेला कोट

मित्रांनो, मी एक जुना फौजी कोट आहे. लोकरीचा, जाडजूड आणि खरं सांगायचं तर अंगाला टोचणारा. मला शिवलं त्या शेडमध्ये मापं घेण्याची भानगडच नव्हती. लहान, मध्यम, मोठा, संपला विषय. मी मोठा निघालो आणि ज्याच्या वाट्याला आलो तो सैनिक निघाला काडीपैलवान. माझ्यात आणखी अर्धा माणूस सहज मावला असता.

त्याला आईवडील नव्हते. एक धाकटी बहीण होती, तिला त्यानेच लहानाची मोठी केली होती. मला अंगावर चढवून तो लढाईला निघाला तेव्हा ती दाराआड रुसून बसली होती. "जा, आणि परत येऊच नकोस," ती म्हणाली. लहान पोर, रागाच्या भरात बोलून गेली. पण तो खरोखरच आला नाही. आलो तो मी. त्याच्या तुकडीतल्या हवालदाराने मला तिच्या हातात ठेवलं आणि चहासुद्धा न घेता तो निघून गेला.

पुढची कितीतरी वर्षं मी ट्रंकेत काढली. ती मोठी झाली, आई झाली, आजी झाली. मला उन्हात टाकताना तिच्या मनात एकच गोष्ट घोळत असे. आपलं ते बोलणं दादाने मनावर तर घेतलं नसेल? विचारणार कोणाला?

इकडे हवालदार निवृत्त झाला आणि त्याला युद्धपटांचा नाद लागला. तो सिनेमे बघायचा ते चुका काढायला. हा बूट लढाई संपल्यावर आला, या बंदुकीचा पट्टा उलटा लावलाय, इतक्या थंडीत तोंडातून वाफ कशी येत नाही! बायको वैतागून म्हणायची, तुम्ही बाहेर जाऊन बसा, आम्हाला रडू द्या. शेवटी माझा सैनिक ज्या लढाईत गेला तिच्यावरच सिनेमा निघाला, नायकही तोच, आणि चुका होऊ नयेत म्हणून कंपनीने त्यालाच पगारावर ठेवलं. त्याला अस्सल कोट हवा होता. तो बहिणीकडे आला आणि मला मागून घेऊन गेला.

चित्रीकरणाच्या जागी त्याने सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. नायकाच्या मिशा कापायला लावल्या. बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधायला लावल्या. शेवटच्या प्रसंगात नायक, म्हणजे माझा सैनिक, हसत हसत एकटाच टेकडीवर धावत जातो आणि छातीवर गोळी झेलतो. त्यासाठी कपडेपटाच्या मास्तरांनी मला जळत्या सिगारेटने भोक पाडलं आणि वर लाल रंग ओतला. हवालदाराने ते भोक बघितलं. मग म्हणाला, बिल्ला बोटभर खाली लागलाय. बाकी एक अक्षर नाही.

सिनेमा तुफान चालला. त्या धावण्यावर लोक टाळ्या वाजवत. शेजारणी बहिणीला सांगत, नशीबवान आहेस, असा भाऊ लाभला. तिच्या नातवंडांना तर दुसरा सिनेमाच नको असे. ती मात्र तो बघून आली आणि जेवली नाही.

हवालदार मला परत द्यायला आला तेव्हा तिने मला मांडीवर पसरलं आणि भोकात बोट घातलं.

"भाऊ, हे नव्हतं."

त्याने सांगितलं, सिनेमावाल्यांनी पाडलं, रफू करून देतो.

"रफूचं राहू द्या. तो असा हसत मरायला धावला? मी परत येऊ नकोस म्हटलं होतं, म्हणून?"

हवालदार तिच्यासमोर बसला. त्याला वाटलं होतं, सिनेमात दाखवलेलं मरण तिला बरं वाटेल. म्हणून चित्रीकरणाच्या वेळी तो गप्प राहिला होता.

"ताई, तो धावला नाही," तो म्हणाला. "त्याची रजा मंजूर झाली होती. दुसऱ्या दिवशी घरी निघायचं, म्हणून दाढी करत होता. आरसा मी धरला होता. कोट खुंटीला होता. बहीण ही दाढी बघून घाबरेल, म्हणाला. तेवढ्यात कुठून तरी गोळी आली."

ती मला छातीशी धरून रडली. खूप रडली. मग पदराने तोंड पुसलं आणि हवालदाराला म्हणाली, आता तरी चहा घ्या.

मी खुंटीवरून त्याचं मरण पाहिलं होतं, मित्रांनो, पण कोटाला कोण विचारतं? तुम्ही युद्धपट जरूर बघा. बूट, बंदुका, बिल्ले तपासा, त्यातही मजा आहे. पण त्या लढाईतून आलेलं एखादं माणूस तुमच्या आसपास असेल, तर ते आहे तोवर त्याच्याजवळ बसा आणि त्याला विचारा. आम्हा कपड्यांना डांबरगोळ्या घातल्या की आम्ही टिकतो. माणसं तशी टिकत नाहीत.

नातवंडं अजूनही तो सिनेमा लावतात. नायक टेकडीवर धावू लागला की आजी स्वयंपाकघरातून मोठ्याने सांगते, "इथे तो दाढी करत होता. घरी यायचं होतं त्याला."