टाके काढायचे वेगळे

यशवंतपुरातल्या त्या खासगी दवाखान्यात सकवारबाईचं अपेंडिक्स काढायचं ठरलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "दीडशे. त्यात सगळं आलं." तिच्या नवऱ्याने, खंडोजी शिंप्याने, दुकानातलं एक मशीन विकून दीडशे आधीच भरले. आठव्या दिवशी तो तिला न्यायला गेला, तर कारकुनाने कागद पुढे केला. खोली, पट्ट्या, सलाइन, आणि टाके काढायचे वेगळे. आणखी दोनशे दहा! पैसे येईपर्यंत टाकेही राहणार आणि बाईही राहणार. खोलीला बाहेरून कुलूप. मेल्यांना ठेवून घ्यायला आजारी बाईच सापडली!

अकराव्या दिवशी खंडोजीने खिडकीच्या गजांतून पाहिलं. सकवार तापाने फणफणली होती. तिने पदर सारून पोट दाखवलं. टाक्यांभोवती पू धरला होता.

तो कारकुनापुढे हात जोडून उभा राहिला. "टाके तेवढे काढा, अण्णा. बाकीचं मागून बघू."

"मोदलु दुड्डु," कारकून कानडीत म्हणाला आणि हसला. "आधी पैसे, मग बायको."

खंडोजीने त्याची मानगूट धरून तोंड टेबलावर आपटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा दोन दात कागदांवर पडले. किल्ल्या हिसकावून तो वळला, तर समोर डॉक्टर. त्यांना भिंतीशी रेटून त्याने खिशातली कात्री त्यांच्या गळ्याला लावली. "चला, काढा टाके!" गळ्यावर रक्ताची रेघ उमटली. डॉक्टरांनी त्याच्या पोटात गुडघा हाणला आणि धावत जाऊन ऑपरेशनच्या खोलीला आतून कडी घातली.

आता कोण काढणार? खंडोजीने कपाटातून स्पिरिट घेतलं, कुलूप उघडलं आणि कात्री बुडवली. सकवारने पदराचा बोळा दातांत धरला. माणसाचे दात पाडणाऱ्या खंडोजीने दोनदा कात्री टाक्याशी नेली आणि दोनदा मागे घेतली.

"अहो, पोलकं उसवताय असं समजा," ती बोळा काढून म्हणाली. "फक्त स्वल्प हळू."

सात टाके. प्रत्येक दोरा ओढला की पू यायचा, मागोमाग रक्त. खंडोजी ते कापसाने टिपून तसराळ्यात टाकत होता. सातव्याला ती किंचाळली आणि त्याच्या मनगटाला कडकडून चावली. त्याला बरंच वाटलं. अंगात जीव होता अजून.

पोलीस आले, खंडोजीला बेड्या पडल्या, तेव्हा कुठे डॉक्टर बाहेर आले आणि हिशेब सांगू लागले. "कारकुनाचे दात, माझा गळा, सगळ्याची भरपाई हवी. तोवर ही बाई इथून हलणार नाही."

सकवार पोट धरून उठली. तसराळं उचलून तिने ते सगळं डॉक्टरांच्या तोंडावर भिरकावलं.

"हेही लिहा बिलात!"

हवालदार तिला धरायला पुढे झाला. तिच्या पोटाकडे त्याची नजर गेली आणि तो जागीच थांबला. ती भिंतीच्या आधाराने चालू लागली. दारातल्या कारकुनाने तोंडावर रुमाल धरून तिला वाट करून दिली.