भिमाकाकूंचा आवाज

भिमाकाकू नावाच्या विधवेवरची कादंबरीमाला सुरू होऊन एक तप झालं होतं. सतरा भाग निघाले होते. नवा भाग आला की रोज दुपारी आळीतल्या बायका गोदावरीबाईंच्या ओसरीवर वाती वळायला जमत आणि गोदावरीबाई तो मोठ्यानं वाचून दाखवत. एरवी सकाळी आलवण नेसलेली ही विधवा समोर आली, तर याच बायका तोंड फिरवत. अपशकुनालाही दुपारची सुट्टी असावी. वाचताना मात्र हूं की चूं नाही, कारण भिमाकाकूही आलवणातल्याच, आणि साऱ्या गावाला पुरून उरलेल्या. तेवढ्या दुपारी गोदावरीबाईंची मान ताठ असे.

मग भिमाकाकूंवर बोलपट निघाला. भाचेसून रुक्मिणी म्हणाली, "आत्याबाई, बायकांचा वेगळा खेळ आहे. चला की." देवळाखेरीज कुठं न जाणाऱ्या गोदावरीबाई गेल्या.

पडद्यावरच्या काकू नाकात बोलत होत्या. दाराला कान लावत होत्या, शिंक्यावरचे लाडू चोरत होत्या. शेवटी त्या हौदात पडल्या. शेजारच्या शांतम्माला हसून हसून ठसका लागला. गोदावरीबाईंना राग यायला हवा होता, पण आला नाही. घरी येऊन त्या तांदूळ निवडायला बसल्या.

महिन्याभरात अठरावा भाग आला. ओसरी कधी नव्हे इतकी भरली. या भागात, जिची पोर विहिरीत बुडाली होती अशा एका आईजवळ काकू बसल्या होत्या.

"भिमाकाकू म्हणाल्या," एवढं वाचलं, तोच कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळ्याच हसल्या.

"गोदाताई, तसं वाचा की," शांतम्मा म्हणाली. "नाकात. सिनेमातल्यावानी. काकू कशा बोलत्यात त्ये बगितलंय की आमी. न्हाईतर कशाला यायचं?"

गोदावरीबाईंनी सगळ्यांकडं पाहिलं. एकीनं वातींची डबी झाकायलाही घेतली होती. मग त्यांनी पान सरळ केलं आणि काकूंचं बोलणं नाकात वाचलं. पोर गेलेल्या आईची समजूत काकू काढत होत्या आणि बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. गोदावरीबाईंनी एकही ओळ गाळली नाही.

उठताना शांतम्मा म्हणाली, "उद्या बी येतो बरं का, भिमाकाकू."

"या," गोदावरीबाई म्हणाल्या, आणि तेही नाकात.